पाचवीनंतरचं इंजेक्शन

रक्तपेढीत नोकरी केली असं सांगितलं की लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. एक, रक्त बघून चक्कर येत नव्हती का. आणि दुसरा, आवाज थोडा खाली आणून, "आमचा गट चांगला आहे ना?" रक्तगट चांगला किंवा वाईट नसतो, हे सांगता सांगता माझी सगळी नोकरी गेली. धुळ्यात शिकले, तिथेच उमेदवारी केली, मग लग्न होऊन जळगावला आले आणि इथल्या एका रक्तपेढीतून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. रक्तगटाचं मात्र कुणालाच पटलं नाही.

संपादकांना या अंकासाठी रक्तदानाचे हृद्य अनुभव हवे होते. तसे माझ्याकडे आहेत दोन-चार, पण ते आमच्या रक्तपेढीच्या अध्यक्षांनी स्टेजवर इतक्यांदा सांगितलेत की आता मलाच ते खोटे वाटतात. म्हणून जे कुणी स्टेजवर सांगत नाही ते, नावं-गावं बदलून, लिहिते.

आधी धंद्याची गोष्ट सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळणार नाही. रक्तातल्या तांबड्या पेशीला एक पातळ आवरण असतं. त्या आवरणात नाना तऱ्हेची प्रथिनं बसलेली असतात. काही आतबाहेर नेआण करतात, काही पेशीचा आकार धरून ठेवतात, आणि काही नेमकं काय करतात यावर शास्त्रज्ञांचं अजून पुरतं एकमत नाही. त्यातलं एक कुटुंब आरएच नावाचं. गोधडीला टाका घालावा तशी ही प्रथिनं आवरणातून आत जातात, बाहेर येतात, पुन्हा आत जातात. या कुटुंबातल्या एकाचं नाव डी. ज्याच्या पेशींवर हा डी आहे तो पॉझिटिव्ह, ज्याच्यावर नाही तो निगेटिव्ह. एवढीच भानगड आहे. क्वचित कुणाच्या पेशींवर हे अख्खं कुटुंबच नसतं. त्यांच्या पेशी आकार सोडतात, लवकर फुटतात आणि माणूस फिका पडतो. पण नुसता डी नसला तर माणसाचं काहीही अडत नाही. भाऊभावंडं त्याच्या वाटचं काम निभावून नेतात. निगेटिव्ह माणूस नांगरतो, पळतो, भांडतो, म्हातारा होतो. तो आजारी नसतो.

आणि डी मध्येही कमीजास्त असतं. धुळ्यात असताना एक धिप्पाड गृहस्थ दोन कार्डं घेऊन माझ्या टेबलावर आदळले होते. एका शिबिरात त्यांना पॉझिटिव्ह सांगितलं होतं, एका दवाखान्यात निगेटिव्ह. "एक सांगस पॉझिटिव्ह, दुसरा सांगस निगेटिव्ह. मंग मी नेमका कोन शे?" त्यांच्या पेशींवर डी होता, पण अगदी विरळ. अशा माणसाचं रक्त दुसऱ्याला देताना आम्ही पॉझिटिव्ह धरतो, आणि त्याला द्यायची वेळ आली तर सावधगिरी म्हणून निगेटिव्ह देतो. मी हे तीनदा समजावलं. ते म्हणाले, "म्हणजे देताना एक नि घेताना एक. आमना गावना पुढारी बी असाच शे." मला तो माणूस फार आवडला. मी धुळं सोडेपर्यंत ते रक्त द्यायला येत राहिले आणि दर वेळी विचारत, आज मी कोन शे.

असे हसायचे प्रसंग थोडे. एरवी डी रडवतो, आणि रडवतो तो बाळंतपणात.

आई निगेटिव्ह आणि बाप पॉझिटिव्ह असला की बाळ पॉझिटिव्ह असू शकतं. बाळंत होताना बाळाच्या रक्ताचे काही थेंब आईच्या अंगात जातात. आईच्या शरीराने डी कधी पाहिलेला नसतो. ते त्याला परका समजतं आणि त्याच्याविरुद्ध तयारी करून ठेवतं. पहिल्या बाळाला त्याचा त्रास सहसा होत नाही, कारण तयारी होईपर्यंत ते बाहेर पडलेलं असतं. दुसरं बाळ पॉझिटिव्ह असलं की ती तयारी त्याच्यावर उलटते. पोटातच त्याच्या पेशी फुटू लागतात, रक्त कमी होतं, अंगावर सूज चढते. हे टाळायला एक इंजेक्शन आहे. बाळंतपणानंतर तीन दिवसांच्या आत आईच्या दंडात दिलं की बाळाचे ते थेंब आईच्या शरीराला पत्ता लागण्याआधीच निघून जातात. उशिरा दिलं तर थोडाफार उपयोग होतोही, पण भरवसा नसतो. आणि एकदा आईच्या शरीराची तयारी झाली, की मग त्या इंजेक्शनचा पाण्याइतकाही उपयोग नाही.

इतकं सोपं आहे हे. म्हणूनच मला इतका राग येतो.

आमच्या समाजाचा वधू-वर परिचय मेळावा दरवर्षी जळगावात भरतो. मुलगी स्टेजवर येते, माईक हातात घेते, नाव, गाव, शिक्षण, उंची, मामाचं कूळ आणि रक्तगट सांगते. रक्तगट सांगायची पद्धत कधी सुरू झाली ते मला नक्की माहीत नाही. आमच्यासारख्यांनी कॉलेजांतून व्याख्यानं दिली, त्यातलं अर्धं लोकांनी ऐकलं. निगेटिव्ह मुलीच्या बाळाला धोका असतो, हे ऐकलं. एका इंजेक्शनाने तो टळतो, हे ऐकायच्या वेळी बहुधा चहा आला असावा. निगेटिव्ह मुलगा मात्र सगळ्यांना चालतो.

यावलकडच्या एका गावातले रघुनाथभाऊ, केळीचे बागायतदार, स्वभावाने सरळ माणूस. त्यांची थोरली पल्लवी अशीच स्टेजवर उभी राहिली आणि म्हणाली, "रक्तगट ओ पॉझिटिव्ह." ती ओ निगेटिव्ह होती. तिला ते माहीत होतं, तिच्या आईला, सुमनबाईंना, माहीत होतं, भाऊंनाही माहीत होतं. मामाने सांगितलं होतं की एवढा एक शब्द बदल, बाकी तुझ्यात नाव ठेवायला जागा नाही. शब्द बदलला आणि नशिराबादचं चांगलं स्थळ आलं. हे सगळं मला मागाहून कळलं. त्या वर्षी मी मेळाव्यात जेवणाच्या रांगेत असणार.

पल्लवीला दिवस राहिले. तपासण्या पहिल्यापासून यावलला, माहेरच्या डॉक्टरीणबाईंकडेच करायच्या असा सुमनबाईंनी हट्ट धरला. सासरच्यांना त्यात कौतुकच वाटलं. सातव्या महिन्यातही हेच इंजेक्शन एकदा घ्यायचं असतं, ते डोहाळजेवणाच्या धांदलीत राहिलं. बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं. मुलगी झाली, सुखरूप, आणि पॉझिटिव्ह. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन लिहून दिलं आणि तीन दिवसांच्या आत घ्यायचं असं बजावलं. भाऊ बर्फात घालून ते घेऊनही आले.

आणि त्याच दुपारी नशिराबादहून सासू, नणंद आणि चुलतसासू आल्या त्या पाचवीपर्यंत राहिल्या.

आता खाटेशेजारी सासू बसलेली. नर्स आली आणि इंजेक्शन कुठाय म्हणाली. सुमनबाई म्हणाल्या, "डॉक्टरीणबाईंनी उद्या सांगितलं आहे." दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या की घरी कंपाउंडर येऊन देणार आहे. मग पल्लवीला घरी आणलं. घरी तर पाहुण्यांनी ओटी, ओसरी आणि स्वयंपाकघर व्यापलेलं. कंपाउंडरला बोलवायचं तर सासू विचारणार, हे कशाचं. सुमनबाईंनी ठरवलं, पाचवी झाली की पाहुणे जातील, मग निवांत देऊ. पाचवीला पाटा-वरवंटा पुजला, बाळाचं नशीब लिहायला सटवाई येते म्हणून कोरा कागद आणि पेन ठेवलं. इंजेक्शन फ्रिजच्या दारात लिंबांच्या मागे होतं. पाहुणे सहाव्या दिवशी गेले. कंपाउंडर आला, तारीख विचारली, आणि म्हणाला की आता वेळ गेली. डॉक्टरीणबाईंना विचारायला हवं होतं. कुणी विचारलं नाही, कारण त्या रागावल्या असत्या.

मला हे सगळं कळलं ते अडीच वर्षांनी. पल्लवीला दुसऱ्यांदा दिवस होते. या वेळी सासरच्यांनी जळगावच्या दवाखान्यात नाव घातलं. तिने तिथेही ओ पॉझिटिव्ह सांगितलं. दवाखान्याने नियमाप्रमाणे स्वतः तपासलं, निगेटिव्ह आलं, आणि खात्रीसाठी नमुना आमच्याकडे पाठवला. मी नळीत तिच्या पेशी घेतल्या, डी ओळखणारा थेंब टाकला. पॉझिटिव्ह असतं तर गुठळ्या झाल्या असत्या. काही झालं नाही, रक्त तसंच सरळ वाहत राहिलं. मग तिच्या रक्तात डी विरुद्धची तयारी आहे का ते पाहिलं. होती, आणि भरपूर होती. पातळ करत गेले, आणखी पातळ केलं, तरी गुठळ्या होतच होत्या. मी नळ्या स्टँडमध्ये ठेवल्या आणि तिच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले की पोटातल्या बाळाला रक्त देण्याची सोय पुण्यात आहे, लगेच न्यायला हवं.

दुसऱ्या दिवशी सुमनबाई रक्तपेढीत आल्या. मी त्यांना तोवर पाहिलेलं नव्हतं. सुती साडी, हातात डबा. डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते माझ्या टेबलावर उलगडलं. ते तेच इंजेक्शन होतं.

"जपून ठेवेल आहे अक्का," त्या म्हणाल्या. "फ्रिजमधीच होतं. लाइट गेली की बरफ लावत होते. आता देऊन टाका तिले."

त्या बाईने अडीच वर्षं ते बाटलीतलं औषध तान्ह्या बाळासारखं सांभाळलं होतं. पुढच्या खेपेला कामाला येईल म्हणून. मुदत संपलेली होती, पण प्रश्न मुदतीचा नव्हताच. मी त्यांना सांगितलं की आता हे पाण्यासारखं आहे, पोरीला पुण्याला न्या, आजच्या आज.

"पुन्याले न्यायचं तर कारन सांगा लागीन," त्या म्हणाल्या. "तुमी त्याहीले नका सांगू अक्का. पोरीचा संसार मोडीन. आमी तिले हवापालट म्हनून माहेरी नेतो, मंग तिथून गुपचूप पाहू."

मी ओरडले त्यांच्यावर. रांगेतले रक्तदाते वळून बघायला लागले. मी म्हटलं, संसाराचं नंतर बघा, पोटात जीव आहे. त्यांनी मान हलवली, फडकं पुन्हा गुंडाळलं आणि इंजेक्शन डब्यात घालून परत नेलं. मी डॉक्टरांना पुन्हा फोन केला. रुग्णाची गोष्ट मी परस्पर तिच्या सासरी सांगू शकत नाही, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. त्यांनी पल्लवीला एकटीला बोलावून सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "आईला विचारून सांगते."

त्या विचारण्यात किती दिवस गेले ते मी मोजले नाहीत. मधल्या काळात पल्लवीची धाकटी बहीण मयूरी रक्त द्यायला आली. जळगावच्याच कॉलेजात औषधनिर्माणशास्त्र शिकत होती. बाळ जन्मल्यावर रक्त बदलायची वेळ आली तर निगेटिव्ह रक्त हवं, हे तिने स्वतःच वाचून काढलं होतं. तीही ओ निगेटिव्ह. सुई टोचताना ती म्हणाली, "अक्का, आमच्यात काय कमी आहे हो?"

मी म्हटलं, "एक प्रथिन कमी आहे. अक्कल तुझ्या घरात कमी आहे." ती रडायला लागली आणि मला वाईट वाटलं. मग मी तिला सगळं नीट सांगितलं, गोधडीच्या टाक्यासकट. शेवटी म्हटलं, "तुझ्या वेळी खरं बोल. ज्याला चालेल तोच नवरा. तीन दिवसांत इंजेक्शन घे आणि तीन पोरं काढ." ती हसली. तिच्या दंडावर मी कापूस दाबून धरला होता.

शेवटी पल्लवीनेच नवऱ्याला सांगितलं. सासरी व्हायचं ते सगळं झालं. फसवलं, खोटारडी माणसं, असं बोलून झालं, मामाला बोलावून झालं, बैठक झाली. बैठकीतून उठून गाडी पुण्याला निघाली तोवर बाळाच्या अंगावर सूज चढली होती. पुण्यात सोनोग्राफीला निजवलं तेव्हा ठोके नव्हते. मुलगा होता. मयूरीचं रक्त आमच्या फ्रिजमध्ये लेबल लावून तयार होतं. ते पुढे दुसऱ्याच एका बाईला दिलं.

पल्लवी नशिराबादलाच नांदते. नवरा बरा निघाला, त्याने तिला टाकलं नाही. सासू मात्र अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते की आम्हाला फसवून मुलगी दिली. इंजेक्शन घ्यायचं त्या दिवशी आपण खाटेशेजारी बसलो होतो, हे तिला अजून माहीत नाही. तिला सांगितलं तरी तिचा काय दोष. ती नातीला बघायला आली होती.

मी निवृत्त झाले तेव्हा समाजाने माझा सत्कार ठेवला, मेळाव्यातच. नारळ, शाल आणि पहिल्या रांगेत खुर्ची. मुलामुलींचे परिचय सुरू झाले. सगळ्या मुली पॉझिटिव्ह. इतक्या मुली एकजात पॉझिटिव्ह असणं शक्य नाही, पण माझ्या खांद्यावर शाल होती, मी बसून राहिले. मग नाव पुकारलं आणि मयूरी स्टेजवर आली. नोकरीला लागलेली, चेहऱ्यावर आत्मविश्वास. नाव, गाव, शिक्षण, उंची सांगितली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "रक्तगट ओ निगेटिव्ह. आणि त्याने काहीही बिघडत नाही." सभागृहात कुजबुज झाली. सूत्रसंचालकांनी पटकन माईक घेतला आणि पुढचं नाव पुकारलं. मी टाळ्या वाजवल्या. एकटीनेच. मला त्या पोरीचा फार अभिमान वाटला.

जेवणाच्या वेळी मुलींच्या बापांभोवती माणसं गोळा होतात, नंबर घेतात. रघुनाथभाऊ बट्टी आणि वांग्याच्या भाजीचं ताट घेऊन एकटेच उभे होते. कुणी त्यांच्याकडे गेलं नाही. मी गेले. भाऊ रागावलेले नव्हते, रागावले असते तर बरं झालं असतं.

"अक्का, तुमी सांगितलं म्हनून ती खरं बोलली," ते म्हणाले. "आता तुमीच पाहा तिच्यासाठी एखांदा पोरगा."

मग बट्टीचा तुकडा मोडत म्हणाले, "तुमचा प्रसाद बी लग्नाचाच आहे ना?"

प्रसाद माझा मुलगा. पुण्यात कंपनीत आहे. लहानपणी शाळा सुटली की माझ्याबरोबर रक्तपेढीत बसायचा. डी, इंजेक्शन, तीन दिवस, हे सगळं त्याला पाढ्यांसारखं पाठ. मी भाऊंना म्हटलं, विचारते. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. मयूरीसारखी सून मला आवडलीच असती. भाऊंनी संध्याकाळी मोबाइलवर तिचा फोटो आणि पत्रिका धाडली.

मी प्रसादला फोन केला. फोटो त्याला आवडला होता. नोकरी आवडली. मी म्हटलं, "ओ निगेटिव्ह आहे."

मग म्हणाला, "आई, मला सगळं माहीत आहे गं. इंजेक्शन घेतलं की काही होत नाही. पण दुसऱ्या मुली असताना मुद्दाम कशाला?"

मी खूप बोलले. तोही ऐकत होता, मधूनमधून हो म्हणत होता. त्याच्या बापाला फोन दिला तर बाप म्हणाले, त्याच्या मनाविरुद्ध नको. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसले. ज्याला मी हे शिकवलं नाही असा एकही माणूस माझ्या घरात नाही.

आठवड्याने भाऊंचा फोन आला. खरं सांगायचं असं मी ठरवलं होतं. पण खरं सांगितलं तर ते मयूरीच्या कानावर जाणार, आणि पुढच्या मेळाव्यात ती काय बोलेल ते मला दिसत होतं. आमच्या समाजात नकार द्यायची एक ठरलेली वाट आहे. मी तीच धरली.

"पत्रिका जुळत नाही, भाऊ."

मग त्यांनी जपून विचारलं, "पत्रिकाच ना अक्का? दुसरं काही नाही ना?"

"दुसरं काही नाही."

"मंग ठीक," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला. "मले वाटलं, तिच्या रक्ताचं असीन. तुमच्यासारख्याच्या घरी बी तसं असतं, तर मंग मी तिले काय तोंडानं सांगितलं असतं."